एकोणपन्नास सेंटिमीटरचा पाइप

ज्या गृहस्थाला स्वतःच्या मोटरसायकलचं इंजिन स्वतःच्याच स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कोठीशेजारी, वर्तमानपत्रावर मांडलेलं बघण्याची हौस नसेल, त्यानं मुलीला मेकॅनिकल इंजिनियरिंगला घालू नये. कॉम्प्युटरला घालावं. ती मुलं एका जागी बसून असतात आणि फार तर चहा मागतात. आमच्या सुरुचीनं माझी मोटरसायकल मागितली, आणि तीही अख्खी नाही, नुसतं इंजिन.

"बाकीची गाडी तुमच्याकडेच राहील ना, बाबा," ती म्हणाली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत इंजिन नव्हतं असं नाही. होतं, पण ते 'डेड स्टॉक'च्या वहीत गेलं होतं. मेलेली वस्तू वापरायची तर ती जिवंत असल्याचा ठराव करावा लागतो आणि तो ठराव करणारी समिती वर्षातून दोनदा बसते. जानेवारीची बैठक होऊन गेली होती. दुसरी जुलैत. सुरुचीच्या अंतिम प्रकल्पाची तोंडी परीक्षा जूनमध्ये. त्यात तिला पुण्याजवळच्या एका इंजिनांच्या कारखान्यानं आधीच निवडलेलं, आणि नियुक्तिपत्रात ठळक अक्षरांत लिहिलेलं, की प्रकल्पात पहिला वर्ग नसेल तर हे पत्र रद्द समजावं. ते पत्र आल्यापासून अरुंधतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, देवापाशी ठेवलं होतं. मी रोज पूजा करताना ती ठळक ओळ वाचायचो आणि माझी घंटा जरा जोरात वाजायची.

तेव्हा इंजिन दिलं.

प्रकल्पाचा विषय सुरुचीनं मला तीन वेळा समजावला, त्यातल्या तिसऱ्या वेळी तो समजला. इंजिनात हवा-पेट्रोल नेणारी जी नळी असते तिची लांबी कमी-जास्त केली की इंजिनाचा स्वभाव बदलतो. झडप उघडली की हवा धावत आत शिरते, झडप धाडकन मिटली की ती हवा दारावर आपटते, आणि त्या धक्क्याची लाट नळीतून उलटी जाऊन पुन्हा परत येते. ती परत येते त्याच क्षणी झडप पुन्हा उघडली, तर जास्तीची हवा फुकटात आत ढकलली जाते. "झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं," सुरुची म्हणाली. नळी लांब असली की लाटेला जाऊन यायला वेळ लागतो, म्हणून तिचा फायदा इंजिन सावकाश फिरत असताना मिळतो. नळी आखूड असली की फायदा वरच्या वेगाला.

राजूर रोडवर लेथ आणि वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या कचरूला हे एका वेळी समजलं. तो मूळचा राजूरचा, शेतकऱ्याघरचा.

"म्हंजी लांब नळीनं ओढ, अन् आखूड नळीनं पळ," तो म्हणाला. "नांगराचा बैल येगळा, पटाचा बैल येगळा. एकाच बैलाकून दोन्ही कामं न्हाई होत, सायेब. याच्यात शिकायसारखं काय हाय?"

सुरुचीनं ते वहीत लिहून घेतलं. चार वर्षांच्या फीनंतर ती पहिल्यांदाच इतक्या मन लावून काही लिहून घेताना मी पाहिली.

आमच्या मागच्या अंगणात लोखंडी घोडीवर इंजिन बसलं. त्याला एक ढोल, ढोलाला दोरीचा वेढा, दोरीच्या एका टोकाला वजनं आणि दुसऱ्याला स्प्रिंगचा काटा. इंजिन जितका जोर करील तितका काटा ताणायचा. दोरी घासून ढोल तापतो, म्हणून त्यावर तांब्यानं पाणी सोडत राहायचं. हे पाण्याचं खातं माझ्याकडे आलं. मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं उगवण मोजतोय. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, आठव्या दिवशी उघडायचे, जितके उगवले तितके लिहायचे. माझ्या सहीशिवाय पोतं दाराबाहेर पडत नाही. असा माणूस बनियनवर बसून ढोलाला अभिषेक करू लागला, तर शेजारपाजारची माणसं कुंपणाशी जमणारच.

डावीकडच्या गोजरबाईंचं म्हणणं, आवाजानं त्यांची म्हैस दूध चोरते. उजवीकडचे राधेश्यामजी ठिबकच्या पाइपांचे दुकानदार. पाइप या विषयावर जगात आपल्याला विचारल्याशिवाय काही होऊ नये असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. "भालचंद्रजी, पाइप लांब केला की दाब पडतो. बिलकुल पडतो. माझं गिऱ्हाइक धावड्याचं आहे, विहिरीपासून दीड हजार फूट पाइप टाकला, शेवटी नुसतं ओलं होतं." मी सांगितलं की हे पाणी नाही, हवा आहे. ते म्हणाले, "हवा तर पाण्यापेक्षा कमजोर."

आखूड नळीची सगळी मोजमापं ठरल्याप्रमाणे आली. मग लांब नळीची पाळी. तिची लांबी कॉलेजनं मंजूर केलेल्या आराखड्यात होती. सुरुचीनं गणित मांडलं होतं की या लांबीला ओढीचा कळस मिनिटाला पाच हजार दोनशे फेऱ्यांवर आला पाहिजे. नळी कचरूकडे करायला टाकायची म्हणून ती फोन लावू लागली, तेव्हा मी तिला बजावलं, "कचरूशी इंग्रजी झाडू नकोस. फॉर्टी-बिर्टी त्याला कळत नाही. आकडे मराठीत सांग." घरात मराठीत बोलायचं हा आमचा नियम आहे. मुलीला इंग्रजी शाळेत मीच घातलं आणि हा नियमही मीच केला. दोन्ही गोष्टींचा मला सारखाच अभिमान होता.

शुक्रवारी नळी आली, कचरूनं स्वतः आणून बसवली. शनिवारी इंजिन चालवलं. पाच हजार दोनशेला काटा जागचा हलेना. सहा हजार झाले. साडेसहा हजारांवर काटा एकदम ताणला गेला आणि पुढे उतरला. पुन्हा चालवलं, पुन्हा साडेसहा हजार. अकरा वेळा चालवलं.

बुधवारी सकाळी अकराला परीक्षा. शनिवारची दुपार गेली, रविवार गेला. सुरुचीनं कार्बोरेटर खोलला, धुतला, बसवला. फेऱ्या मोजायचं यंत्र बदलून आणलं. ती जेवायला उठेना. अरुंधती ताट घेऊन अंगणात बसायची आणि मुलीच्या तोंडात एकेक घास कोंबायची, आणि सुरुची तो चावता चावता नटांवर पाने फिरवायची. बावीस वर्षांची मुलगी अशी तेलकट हातांनी आईकडून भरवून घेताना बघून मी विनाकारण ढोलावर पाणी ओतलं. ढोल तेव्हा बंद होता.

सोमवारी गोजरबाईंनी आपण होऊन उपाय केला. नजर लागली म्हणून त्यांनी लिंबू-मिरची आणून थेट कार्बोरेटरच्या तोंडावर बांधली, कारण त्यांच्या मते इंजिनाचं तोंड तेच. आम्हाला पत्ता नाही. सुरुचीनं किक मारली, इंजिनानं श्वास घेतला, आणि एक मिरची आत. ती काढण्यात संध्याकाळ झाली. लिंबू मोठं होतं म्हणून वाचलो.

मंगळवारी दुपारी चारला मला एक साधी गोष्ट सुचली. बियाण्याच्या धंद्यात उगवण पटली नाही की आधी दाणे पुन्हा मोजतात. मी अरुंधतीची शिवणाची टेप घेतली आणि नळीला लावली.

"एकोणचाळीस," मी म्हणालो.

"बरोबर आहे," सुरुची वहीतून डोकं न काढता म्हणाली. "एकोणचाळीसच सांगितलं होतं. फॉर्टी-नाइन."

अरुंधतीच्या हातातला घास तसाच राहिला.

"सुरुची," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "एकोणचाळीस म्हणजे किती?"

"फॉर्टी-नाइन. चाळीस म्हणजे फॉर्टी, आणि एकोण म्हणजे नाइन."

एकोण म्हणजे एक उणा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एकोणीस ते एकोणनव्वद ही उजळणीतली गल्ली ती बालवाडीपासून डोळे मिटून ओलांडत आली होती, आणि तिच्या बापाचं तिकडे लक्ष नव्हतं. कचरूनं शब्दाप्रमाणे काम केलं होतं, सूतभरही इकडे-तिकडे नाही.

पण सुरुची रडली नाही. ती कॅलेंडरच्या पाठीवर भराभर आकडे मांडू लागली. मग ओरडली, "बाबा! एकोण... थर्टी-नाइनला साडेसहा हजारच यायला पाहिजे! लाटेला दहा सेंटिमीटर कमी जायचं होतं, म्हणून ती लवकर परत आली. इंजिन बरोबर आहे!" तिनं आईला मिठी मारली. अरुंधतीच्या पांढऱ्या गाउनवर तेलाचे दहा ठसे उमटले.

आनंद पाच मिनिटं टिकला. तिनं मार्गदर्शक सोमेश्वर सरांना फोन केला. सर स्वभावानं भले, पण कागदाला फार भिणारे. ते म्हणाले, "मंजूर आराखड्यात फॉर्टी-नाइन आहे. निष्कर्ष मंजुरीप्रमाणे पाहिजे. लांबी बदलायची तर समितीची मान्यता लागेल, समिती जुलैत." मग आवाज खाली आणून, "बाहेरून येणारे परीक्षक फार कडक आहेत. मागच्या वर्षी त्यांनी चार जणांना घरी पाठवलंय. बघा बुवा काय ते."

दहा सेंटिमीटर. माणसाची वीतही याहून मोठी असते. मी कचरूला फोन लावला की नळीला तुकडा जोडून दे.

"सायेब, आज अंगारकी हाय," पलीकडून घंटा आणि गर्दी ऐकू येत होती. "मी राजूरला दर्शनाच्या लाइनीत हावो. सकाळी सहाला आल्तो, आता कुठं मंडपात शिरून राह्यलो. ऱ्हायलं दुकान, तर ते बंद हाय. अन् मंगळवारी लेथ चालवत न्हाई मी, तुम्हाला मालूम हाय."

"कचरू, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मंग तिच्यासाठीबी हात जोडतो. नाव काय सांगू बाप्पाला, सुरुचीच ना?"

राधेश्यामजी कुंपणावरून सगळं ऐकत होते. त्यांनी घाईघाईनं दुकानातून ठिबकचा काळा पाइप आणला, बरोबर दहा सेंटिमीटर कापून, दोन क्लिपा लावून नळीला जोडला. सुरुची नको म्हणत असताना जोडला. इंजिन सुरू झालं, हवा ओढली, आणि तो पाइप चप्पट झाला. इंजिन गुदमरून बंद पडलं. मग वितळल्याचा वास सुटला.

"हवा कमजोर म्हणालो होतो ते मागे घेतो," राधेश्यामजी म्हणाले.

सुरुची शांत झाली होती. "मी खरे आकडे दाखवणार. लांबी थर्टी-नाइन लिहिते, लाल शाईनं. काय व्हायचं ते होऊ दे." तिनं निरीक्षणाचा तक्ता आणि आलेख फाइलला लावला आणि मुखपृष्ठ छापून आणायला गेली.

ती गेल्यावर राधेश्यामजींनी मला बाजूला घेतलं. "भालचंद्रजी, पोरगी सोन्यासारखी आहे, पण दुनिया कागदावर चालते. मंजुरीच्या कागदाशी परीक्षेचा कागद जुळला पाहिजे. इंजिनाशी कोण जुळवून बघतंय?"

हे वाक्य मी धुडकावून लावायला हवं होतं. सत्तावीस वर्षं धुडकावत आलो होतो. कंपनीत एकदा मालकांच्या मेव्हण्यानं उगवण पंच्याहत्तरची ऐंशी लिही म्हटलं, तर मी पेन खाली ठेवलं होतं. त्या दिवसापासून मला 'हेडमास्तर' म्हणतात, आणि मला ते आवडतं. पण ते दाणे कंपनीचे होते. ही पोरगी माझी होती. देवापाशी ते पत्र होतं, त्यातली ती ठळक ओळ होती, आणि मला, सरळ सांगतो, भीती वाटत होती. मी फाइल उघडली. नवा तक्ता लिहिला, कळस पाच हजार दोनशेला, लांबी एकोणपन्नास. आलेखाचं शिखर मला हातानं जमेना, म्हणून अरुंधतीची बांगडी ठेवून काढलं. फार सुरेख आलं. सुरुचीचे खरे कागद घडी करून शर्टाच्या खिशात टाकले आणि फाइलीची लेस मी जन्मात बांधली नसेल इतक्या नीट बांधली.

परत आल्यावर सुरुचीनं फाइल उघडली नाही. वर मुखपृष्ठ तेवढं लावलं. मला वाटलं सुटलो.

बुधवारी सकाळी रिक्षात इंजिन, घोडी, ढोल आणि मी असे कॉलेजच्या फाटकाशी पोचलो. माझा बेत तिथंच सगळं उतरवून घरी पळण्याचा होता. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं वही उघडली.

"काय आणलं?"

"इंजिन."

"म्हंजी वाहन. वाहनाचा पास दाखवा."

"अहो, हे वाहन नाही. वाहन घरी आहे, त्याला इंजिन नाही."

त्यानं विचार केला. "मंग हे सामान. बिनपावतीचं सामान आत जाऊ शकत न्हाई, अन् गेलं तर बाहेर येऊ शकत न्हाई. इंजिन कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"मंग मालकानं सामानासंगं राहायचं. सामान आत तंवर मालक आत. सही करा."

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी सही केली. अशा रीतीनं, ज्या खोलीपासून मला शंभर कोस लांब राहायचं होतं त्याच खोलीत, ढोलाजवळ, हातात तांब्या घेऊन मी उभा राहिलो.

परीक्षक आले. पांढरे केस, बारीक आवाज, शर्टाच्या खिशाला पोलादी पट्टी लावलेली. त्यांच्यामागे सोमेश्वर सर, चेहरा उपवास केल्यासारखा. परीक्षकांनी सुरुचीला चार प्रश्न विचारले. झडप, लाट, ओढ, पळ. तिनं नांगराच्या आणि पटाच्या बैलाचं उदाहरण दिलं तेव्हा ते किंचित हसले. मग त्यांनी फाइल उघडली. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. मुखपृष्ठ. मंजुरीचं पत्र. आराखडा. पुढचं पान माझं.

ते थांबले. पान डोळ्यांजवळ नेलं.

"पाच हजार दोनशे. अगदी गणिताबरहुकूम." सोमेश्वर सरांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. "आलेखही फार सुबक आहे. इतका गोल कळस मी तीस वर्षांत पाहिला नाही. हा कसा काढलात?"

सुरुचीनं वाकून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"सर, हे माझं नाही."

"फाइल तुमची आहे."

"फाइल माझी आहे. पण हे सात माझे नाहीत. माझ्या सातावर आडवी रेघ असते."

परीक्षकांनी चष्मा काढला. "म्हणजे दुसऱ्याकडून आकडे लिहवून घेतले, आणि आता ओळखायला तयार नाही? हा कॉपीचा प्रकार झाला, बाई. मला वर कळवावं लागेल."

सुरुची माझ्याकडे वळली नव्हती. तिला माझा संशयही आला नव्हता, तिच्या दृष्टीनं मी खोटं लिहिणाऱ्यांत मोडतच नव्हतो. ते मला सहन झालं नाही.

"ते मी लिहिलंय," मी म्हणालो.

सगळे वळले. तोवर त्यांनी मला प्रयोगशाळेचा शिपाई समजलं असावं.

"आपण कोण?"

"मी वडील. काल संध्याकाळी ही बाहेर गेली असताना मी पानं बदलली. कळस बांगडीनं काढला. तिला काही माहीत नाही. तिचे खरे कागद हे." मी खिशातून घडी काढली. कागद घामानं ओला झाला होता, लाल शाई पसरली होती, पण वाचता येत होती. तो पुढे करताना माझ्या दुसऱ्या हातातल्या तांब्यातलं पाणी सोमेश्वर सरांच्या बुटात गेलं.

सुरुचीनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी इथं लिहू शकणार नाही.

परीक्षकांनी ओला कागद टेबलावर पसरला. "लांबी थर्टी-नाइन, कळस साडेसहा हजार. मंजुरी फॉर्टी-नाइनची. हे कसं?"

सुरुचीनं एकोणचाळिसाची हकीकत सांगितली. एक शब्द तिनं गाळला नाही. परीक्षक ऐकत राहिले, मग म्हणाले, "चालवून दाखवा."

पहिल्या किकला इंजिन उठलं नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्या किकला सुरू झालं आणि खोली धुरानं भरली. चार हजार. पाच हजार. पाच हजार दोनशे, काटा स्वस्थ. ढोल तापू लागला, मी पाणी सोडत होतो. सहा हजारांवर दोरीचा जळका वास आला. सोमेश्वर सर दाराकडे सरकले. "बंद करू का?" सुरुची ओरडली. "नका!" परीक्षक ओरडले. तांब्यातलं पाणी संपलं. मी शेजारच्या बादलीतलं ओंजळीनं टाकू लागलो, वाफ तोंडावर येत होती. सहा हजार तीनशे. चारशे. साडेसहा हजार, आणि काटा ताणून टोकाला गेला. सुरुचीनं वजन वाचलं, परीक्षकांनी वाचलं, पुढे सहा हजार आठशेला काटा उतरला. मग तिनं इंजिन बंद केलं.

परीक्षकांनी खिशातली पट्टी काढून नळी मोजली. दोनदा मोजली. पाठकोऱ्या कागदावर गणित केलं.

"खोटं लिहायचं असतं तर ते कागदाशी जुळलं असतं, जसं यांचं जुळलं," ते सुरुचीला म्हणाले. "तुमचं इंजिनाशी जुळतंय." मग माझ्याकडे वळले. "आपण काय करता?"

"बियाण्यांची उगवण मोजतो."

"खरी?"

"कालपर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी परत खिशाला लावली. सुरुचीला म्हणाले, "निकालपत्रावर मी चार वाजता सही करतो. तोवर एक प्रकरण छापून आणायचं, 'त्रुटींची कारणे'. काय चुकलं, कुणाचं चुकलं, सगळं. एक ओळ जरी लपवली तरी मी माझा अहवाल वेगळा लिहीन."

ती ग्रंथालयात गेली. माझ्याशी बोलली नाही. सामान आत म्हणून मालक आत, म्हणून मी प्रयोगशाळेच्या पायरीवर इंजिनाशेजारी बसून राहिलो. सोमेश्वर सर दोनदा चपचप करत शेजारून गेले. अडीच वाजले, तीन वाजले. नियुक्तिपत्र, ती ठळक ओळ, अरुंधतीला काय सांगायचं, सगळं डोक्यात फिरत होतं. पावणेचारला सुरुची समोरून धावत आत गेली. दार मिटलं. चार वाजले. सव्वाचार झाले.

दार उघडलं. तिनं फाइल माझ्या मांडीवर ठेवली.

"पहिला वर्ग," ती म्हणाली. "मी रिक्षा बघून येते." आणि गेली.

मी लेस सोडली. शेवटचं पान नवं होतं, इंग्रजीतलं, पण मला कळेल इतकं सोपं. त्रुटींची कारणे. एक, हवेचं तापमान. दोन, प्रकल्पकर्तीचं मराठी आकड्यांचं अज्ञान. तीन, प्रकल्पकर्तीचे वडील, श्री. भालचंद्र. त्यांनी मुलीची नोकरी जाईल या भीतीनं तक्ता बदलला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यामुळे या त्रुटीचा अंतिम निष्कर्षावर परिणाम झालेला नाही.

खाली परीक्षकांची सही होती.

मी ते वाचत असताना अरुंधतीचा फोन आला. तिच्या आवाजावरून ती सकाळपासून काही न खाता बसली आहे हे कळत होतं.

"अहो, काय झालं?"

"तिला पहिला वर्ग मिळाला," मी म्हणालो. "आणि माझं नाव छापून आलंय."